टाचणाच्या आधी साधन : इतिहासाचे छात्राध्यापक घडवताना

नंदुरबार जिल्ह्यातील एका अध्यापक महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका सहायक प्राध्यापिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "माझे छात्राध्यापक (बी.एड.चे विद्यार्थी) मन लावून टाचण (पाठाचे लेखी नियोजन) काढतात, तक्ते रंगवतात, फलकलेखनही नेटके करतात, पण वर्गात उभे राहिले की इतिहासाचा पाठ म्हणजे एक तर रंगवून सांगितलेली गोष्ट होते, नाही तर पाठ्यपुस्तकाचे मोठ्याने वाचन. माध्यमिक वर्गांना इतिहास शिकवण्यासाठी त्यांना खरोखर तयार करायचे तर सुरुवात कुठून करावी?"

खानदेशातील अध्यापक महाविद्यालयांत सव्वीस वर्षे हाच विषय शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ज्याने स्वतः एकदाही एखादे साधन समोर ठेवून, त्याच्याशी झटापट करून, त्यातून काही निष्कर्ष काढलेला नाही, त्याला इतिहास सांगता येतो. शिकवता येत नाही. म्हणून सुरुवात टाचणापासून करू नये, साधनापासून करावी. अहिराणी बोलणाऱ्या घरांत, पोराने बाहेरून एखादी बातमी आणली की म्हातारी माणसे आधी विचारतात, "तुले कोनी सांगं?" इतिहासाच्या शिक्षकाला अंगवळणी पडायला हवा तो हाच प्रश्न : हे कोणी सांगितले, केव्हा सांगितले, आणि त्याला ते कसे कळले? पुढे जे लिहितो आहे ते सारे, हा प्रश्न छात्राध्यापकाच्या अंगी कसा मुरवावा याविषयीच आहे.

आपल्याकडील टाचणाचा साचा मुळात जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पंचपदीतून, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांतून आलेला आहे, आणि सूक्ष्म अध्यापनाची (छोट्या पाठातून एकेका कौशल्याचा सराव करण्याची) पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली. दोन्ही गोष्टी उपयुक्त आहेत आणि त्यांची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला साठ मुलांसमोर उभे राहण्याचा धीर या साच्यामुळेच येतो. परंतु प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन आणि गृहपाठ हा साचा गणिताला जसा लागू होतो तसाच इतिहासालाही लागू होतो, आणि नेमकी तिथेच अडचण आहे. त्यात 'कशावरून?' या प्रश्नासाठी रकानाच नाही. निरीक्षण करणारा प्राध्यापकही मग रकान्यांनाच गुण देत जातो.

हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एका शाळेत फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनावर एका छात्राध्यापकाचा सराव पाठ होता. आवाज खणखणीत, तक्ता सुरेख, प्रश्नांचे वितरण मागच्या बाकापर्यंत झालेले. मी भरघोस गुण दिले आणि वहीत 'उत्तम' असा शेरा लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गातील एका मुलाने उभे राहून सांगितले की, सरांनी काल अध्यक्ष म्हणून गांधीजींचे नाव सांगितले, पण आमचे आजोबा लहानपणी त्या अधिवेशनाला गेले होते आणि ते म्हणतात, अध्यक्ष नेहरू होते. आजोबांचे बरोबर होते. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला भरलेल्या अधिवेशनाचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, १९२४ साली बेळगावला. छात्राध्यापकाची चूक क्षम्य होती. माझी नव्हती, कारण मी मागच्या बाकावर बसून प्रश्नांचे वितरण मोजत होतो आणि पाठात काय सांगितले जात आहे ते ऐकतच नव्हतो.

त्या पाठात आणखीही एक गोष्ट हुकली होती, आणि ती चुकीच्या नावापेक्षा मोठी होती. ग्रामीण भागात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन, हे वाक्य छात्राध्यापकाने तीनदा म्हटले; पण तोपर्यंतची सगळी अधिवेशने शहरांत भरत असताना १९३६ मध्ये ते एका खेड्यात का न्यावेसे वाटले, हे त्याने विचारले नाही. १९३७ च्या आरंभी प्रांतिक निवडणुका होणार होत्या; मतदारांमध्ये शेतकरी वाढलेला होता; याच अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रम मांडला गेला; गावाकडे चला हा गांधीजींचा आग्रह होताच, आणि नंदलाल बोस यांनी अधिवेशनाच्या नगराची सजावट खेड्यात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून केली. हे चार धागे एकत्र बांधले की 'पहिले ग्रामीण अधिवेशन' हे वाक्य पाठ करण्याची गरजच उरत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. पहिल्या सत्रातील पहिले तीन आठवडे माझ्या पद्धतीत एकही टाचण काढले जात नसे. त्याऐवजी छात्राध्यापकांच्या हाती पहिले साधन पडे ते शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही. मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, नावांचे आणि जातीचे रकाने कागदाने झाकून घ्यावेत, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीची दहा पाने पाहावीत. पाच-सहा मिनिटांत कोणीतरी म्हणतेच की, सर, इथे निम्म्या मुलांचा जन्म १ जूनला कसा? इथून अभ्यास सुरू होतो. गावात त्या दिवशी एवढी बाळंतपणे झाली असतील का? नसतील, तर ही तारीख कोणी लिहिली? शाळा जूनमध्ये उघडते, प्रवेशासाठी वय पूर्ण असावे लागते, आईवडिलांना तारीख ठाऊक नसते, त्यांना ठाऊक असतो तो पोळा, आखाजी नाही तर पेरणीचा हंगाम. मग गुरुजी सोयीची तारीख लिहून मोकळे होतात. रजिस्टर अस्सल आहे, शिक्का अस्सल आहे, सही अस्सल आहे आणि तारीख मात्र बनावट आहे. अधिकृत कागद खरा असला तरी त्यातील मजकूर तपासावा लागतो, हे मी तासभर व्याख्यान देऊन जे पटवू शकलो नसतो ते रजिस्टरच्या एका पानाने पटते. गंमत अशी की, गटातील दोन-तीन छात्राध्यापकांच्या वडिलांची जन्मतारीखही १ जूनच निघते आणि वर्गात हशा पिकतो.

मग त्याच पानावरचा 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना वाचायला सांगावा. 'सतत गैरहजर' हे दोन शब्द पुन्हापुन्हा येतात. ते कोणत्या महिन्यांत अधिक येतात, हे मोजायला लावावे. जिथे दिवाळीच्या आगेमागे नावे गळताना दिसतात तिथे कापसाची वेचणी, ऊसतोडीसाठी गुजरातेकडे होणारे स्थलांतर, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी अशी कारणे छात्राध्यापक स्वतः सुचवू लागतात. तिथे त्यांना थांबवावे आणि विचारावे की, हे या पानावर लिहिले आहे, की तुमचा तर्क आहे? तर्क असेल तर तो कशाने पडताळाल? साधन काय सांगते आणि आपण त्यात काय भरतो यांतला फरक एकदा अनुभवला की पुढचे निम्मे काम सोपे होते. तो अनुभव ज्यांना मिळत नाही, त्यांची व्याख्या मात्र तोंडपाठ असते : 'साधनांचे प्रकार तीन, लिखित, भौतिक व मौखिक.'

दुसरे साधन मुद्दाम अवघड द्यावे. चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला आणि त्याला दाने मिळाली, अशी त्याची हकिकत आहे; भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. लेख बहुतांशी संस्कृत, पण शेवटी 'इयां पाटणीं जें केणें' असा जुन्या मराठीचा भाग येतो. केणे म्हणजे विक्रीचा माल. या गावच्या बाजारात येणाऱ्या मालावरचे राजाकडे जाणारे उत्पन्न मठाला दिले आहे, असा त्याचा रोख. छात्राध्यापकांपुढे फक्त हा मराठी भाग ठेवून मी विचारतो की, विद्येचा मठ चालायला पैसा कुठून येत होता? दान संस्कृतात सांगून झाल्यावर बाजारकराचा तपशील मराठीत लिहायची गरज कोणाला वाटली असेल? हा लेख कोणी वाचावा, अशी अपेक्षा होती? ज्या पाटणला वर्षातून एकदा देवीच्या दर्शनाला जायचे, तिथे एके काळी जकातीचा हिशेब दगडावर कोरला होता, ही कल्पनाच मुलांना नवी असते.

याच कामासाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत, अखेरची वर्षे ते धुळ्यात होते, ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच वारले आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी त्यांच्या मागे मंडळ उभे राहिले, इतके आपल्या प्रत्येक छात्राध्यापकाला माहीत असते. तिथे जाऊन एक तरी मोडी कागद पाहिलेला मात्र विरळा. इथे एक सावधगिरी सांगतो. बस भरून चाळीस जणांना नेऊ नये. मी पहिल्या वर्षी तसे केले आणि ती सहल झाली : दालनातून रांग फिरली, छायाचित्रे निघाली, डबे उघडले आणि अहवालात 'भेट ज्ञानवर्धक झाली' असे चाळीस जणांनी एकाच हस्ताक्षरात शोभेल असे लिहिले. पुढच्या वर्षापासून आठ-आठ जणांचे गट नेले आणि प्रत्येक गटाला एकाच वस्तूपुढे किंवा एकाच कागदापुढे पाऊण तास बसवले. मोडी पूर्ण वाचता यावी, अशी अपेक्षा नाही. पण दहा अक्षरे ओळखता आली, कागदावरचे सन आणि महिना शोधता आला, पत्र कोणी कोणाला लिहिले आहे हे लागले, की ज्याला आपण 'ऐतिहासिक पत्रव्यवहार' म्हणून दोन गुणांच्या टिपेत कोंबतो तो कोणा जिवंत माणसाच्या हातचा असतो, हे कळते.

विषयज्ञानाविषयी थोडक्यात. आपल्याकडे येणारे अनेक छात्राध्यापक मराठी किंवा राज्यशास्त्राचे पदवीधर असतात आणि इतिहास ही त्यांची दुसरी अध्यापन पद्धती असते. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून कोऱ्या कागदावर कालरेषा काढून घ्यावी; कुठे किती पोकळी आहे ते तिच्यावरून दिसते. सहावी ते दहावीची पाठ्यपुस्तके त्यांनी सलग वाचलीच पाहिजेत, आणि दहावीचे तर अधिक बारकाईने, कारण २०१८ पासून लागू असलेल्या त्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरेने होते. रांके, मार्क्स, फुको ही नावे खेड्यातल्या दहावीच्या वर्गात कशाला, असा सूर अनेक शाळांत ऐकू येतो आणि ते प्रकरण नावांच्या जोड्या लावून संपवले जाते. ज्या छात्राध्यापकाने जनरल रजिस्टर वाचले आहे, त्याला मात्र मूळ कागदपत्रांच्या चिकित्सेवर रांके का भर देत होता हे समजावून सांगायला परदेशी उदाहरण शोधावे लागत नाही.

आता पस्तीस मिनिटांच्या तासिकेचा प्रश्न. साठ मुले, एक फळा, पंखा चालू असेल तर नशीब, आणि 'पोर्शन' संपवण्याची घाई. अशा वर्गात साधनावर आधारित पाठ घ्यायचा तर माझा नियम सरळ आहे : एक साधन, एक प्रश्न, बारा मिनिटे. बाकीचा वेळ कथनाला द्यावा. गोष्ट सांगणे हा काही गुन्हा नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी मुलांना जे दिले त्यात गोष्टीचा वाटा मोठा होता, आणि ज्या शिक्षकाला गोष्ट सांगता येत नाही त्याच्या हाती साधनही निर्जीव होते. अडचण गोष्टीची नाही. ती कुठून आली याचा उच्चारच न होण्याची आहे.

उदाहरण नंदुरबारचेच घेऊ. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती हुतात्मा झाले. हा पाठ आपल्या भागातील प्रत्येक छात्राध्यापकाला घ्यावासा वाटतो आणि तो हमखास भाषणाच्या थाटात होतो : आवाज चढतो, मुले टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. मी अशा वेळी छात्राध्यापकाला एकच साधन देतो, त्या मिरवणुकीतील प्रसिद्ध घोषणा : 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं.' फळ्यावर एवढी एक ओळ लिहावी आणि विचारावे, ही कोणती भाषा आहे? नंदुरबारची मुले लगेच सांगतात, गुजराती. मग नंदुरबारच्या रस्त्यावर १९४२ साली घोषणा गुजरातीत का दिली गेली? इथून मुले स्वतः पुढे जातात. सरहद्दीवरचे व्यापारी गाव, सुरतेकडे जाणारी रेल्वे, गुजराती भाषक कुटुंबे, त्या वेळी महाराष्ट्र आणि गुजरात ही वेगळी राज्ये नसून दोन्ही मुंबई प्रांतातच असणे, हे सगळे त्या एका ओळीतून बाहेर येते. शेवटी सांगावे की, शिरीषकुमारचा जन्म डिसेंबर १९२६ चा, म्हणजे त्या दिवशी तो पंधरा वर्षांचा होता, तुमच्याच वयाचा. एवढे झाल्यावर आवाज चढवावा लागत नाही. वर्ग आपोआप शांत होतो, आणि त्या शांततेत मुलांना प्रश्न पडलेले असतात.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग मी आता घेतो, आणि त्याला थोडा अधिक वेळ देतो. सातपुड्यातील एका आश्रमशाळेत माझा एक छात्राध्यापक आठवीच्या वर्गाला आदिवासींचे उठाव शिकवत होता. "हे आदिवासी लोक जंगलात राहत असत, ते शूर पण भोळे होते," असे त्याचे वाक्य झाले आणि पहिल्या बाकावरच्या एका पावरा मुलीने हात वर करून विचारले, "सर, ते म्हणजे आम्हीच ना?" छात्राध्यापक गोंधळला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने फक्त पुस्तकातला तृतीयपुरुष तसाच्या तसा वर्गात आणला होता. पाठ संपल्यावर आम्ही दोघांनी त्याच्या टाचणातील प्रत्येक 'ते' आणि 'हे लोक' अधोरेखित केले. एका पानावर चौदा निघाले. तेव्हापासून प्रत्येक टाचण वर्गात जाण्याआधी मी दोन प्रश्नांवर तपासतो. या पाठातले 'आपण' कोण आहेत आणि 'ते' कोण आहेत? आणि समोर बसलेल्या मुलांपैकी कोण कुठल्या बाजूला पडते?

इथे साधनांचा उपयोग दुहेरी आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर भिल्ल नाईकांचे रखवालीचे जुने हक्क आणि नव्या राज्याची व्यवस्था यांचा संघर्ष झाला. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली. १८५७ च्या धामधुमीत खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली. १८८० मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्याच्या खानदेश गॅझेटिअरमध्ये (सरकारी माहितीग्रंथात) या घटनांची हकिकत मिळते, पण ती राज्यकर्त्यांच्या नजरेची आहे. उठाव करणाऱ्यांसाठी तिथे लुटारू, दरोडेखोर अशा अर्थाचे शब्द येतात. हाच खाज्या नाईक आधी सेंधवा घाटाच्या रखवालीवर इंग्रजांच्याच चाकरीत होता. मग कालचा रखवालदार आज लुटारू कसा ठरला? हा प्रश्न छात्राध्यापकांपुढे ठेवावा आणि त्यांच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याचा शब्द कुठे सापडेल? तिसऱ्या प्रश्नाला लिखित साधनांत उत्तर फारसे नसते. ते गाण्यांत, ठिकाणांच्या नावांत आणि घराण्यांच्या आठवणींत शोधावे लागते, आणि तो शोध घेण्याची सर्वांत चांगली संधी आश्रमशाळेतील मुलांनाच असते. मात्र गॅझेटिअरचे शब्द उलटे करून प्रत्येक नाईकाला निर्दोष वीरपुरुष ठरवणे, हेही साधन वाचणे नव्हे. छात्राध्यापकांना हा दुसरा मोह पहिल्याइतकाच होतो, आणि त्याला टाळ्या मिळत असल्यामुळे तो सुटायला कठीण असतो.

भाषेबद्दल एवढेच सांगतो की, मुलाने अहिराणीत, पावरीत किंवा मावचीत उत्तर दिले तर 'शुद्ध बोल' म्हणून त्याला खाली बसवू नये. उत्तर आधी ऐकावे, मग प्रमाण मराठीत फळ्यावर लिहावे. इतिहासाच्या तासाला शिक्षक मुलाच्या आजीची भाषा नाकारतो तेव्हा तो एक साधनही नाकारत असतो.

अवघड प्रश्नांची तालीम महाविद्यालयातच झाली पाहिजे. ते काम सराव पाठावर सोडू नये. धरणगाव परिसरातील एका शाळेत सातवीच्या मुलाने एका छात्राध्यापिकेला विचारले होते, "मॅडम, महाराजांच्या फौजेने आपलं धरणगाव लुटलं होतं का?" तिने घाबरून "असे काही बोलू नये" असे उत्तर दिले. मुलगा गप्प बसला, पण त्याने हे कुठेतरी ऐकले होते आणि ते खोटेही नव्हते. १६७० नंतरच्या दशकात धरणगावला इंग्रजांची वखार होती आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांची झळ त्या पेठेला बसली होती. याचे उत्तर देताना कोणाचा बचाव करण्याची गरज नाही आणि कोणावर आरोप करण्याचीही नाही. नकाशा काढण्याची गरज आहे. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेऊन फारुकींची सत्ता संपवल्यापासून खानदेश हा मोगलांचा सुभा होता. सुरत-बुऱ्हाणपूर हा त्या साम्राज्याचा श्रीमंत व्यापारी मार्ग होता, आणि शत्रूच्या उत्पन्नावर घाव घालणे हा त्या काळच्या युद्धनीतीचा भाग होता. आजच्या जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमा तेव्हाच्या माणसांच्या मनात नव्हत्या. एवढे सांगितले की मुलाला उत्तर मिळते, महाराजांविषयीचा आदर जिथल्या तिथे राहतो, आणि 'आपले गाव' ही कल्पनासुद्धा काळानुसार बदलते हे त्याला कळते. मी दर वर्षी असे आठ-दहा प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून छात्राध्यापकांना उचलायला सांगतो आणि उभ्या उभ्या उत्तर द्यायला लावतो. मोबाइलवर आलेल्या मजकुरातून मुले जे प्रश्न आणतात त्यांचीही तालीम याच पद्धतीने करावी. "मला आत्ता नक्की सांगता येत नाही, पाहून उद्या सांगतो" हे उत्तर तिथे पूर्ण गुणांचे धरावे. अट एकच, उद्या सांगितलेच पाहिजे.

मौखिक साधनांसाठी १९७२ चा दुष्काळ हा खानदेशात अजूनही हाताशी असलेला विषय आहे, आणि नववीच्या पाठ्यपुस्तकात १९६१ नंतरचा भारत असल्यामुळे तो अभ्यासक्रमाबाहेरचाही नाही. छात्राध्यापकाने आधी स्वतः एक मुलाखत घ्यावी, मगच मुलांना घ्यायला सांगावी. "दुष्काळ कसा होता?" असे विचारले की "लई वाईट" एवढेच उत्तर मिळते. "त्या वर्षी तुमच्या घरी भाकरी कशाची होती?" असे विचारले की लाल मिलो (बाहेरून आलेली ज्वारी) निघतो, सुकडी (मदत म्हणून वाटलेला पूरक आहार) निघते, खडी फोडायला गेलेली आई निघते आणि मजुरीचा आकडा निघतो. मग पडताळणी येते. काही म्हातारी माणसे स्वतःच्या आठवणीत त्यांच्या आजीने सांगितलेला संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पन्न्याचा दुष्काळही मिसळून टाकतात. दुष्काळी कामे आठवताना कोणत्या वर्षाचे काम आणि कोणत्या योजनेतले, याचीही सरमिसळ होते; रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आहे आणि कामे त्याआधी सुरू झालेली आहेत. आठवण खोटी ठरवायची नाही, तिच्यात किती काळ एकत्र झाले आहेत ते सोडवून पाहायचे.

मुख्याध्यापकांची शंका आपल्यालाही ऐकावी लागेल : या सगळ्याने परीक्षेचे काय? दहावीला इतिहास व राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा असतो आणि त्यात उतारा वाचून उत्तरे लिहिण्याचा प्रश्न असतो, विधाने सकारण स्पष्ट करायची असतात. साधन वाचण्याची सवय लागलेला विद्यार्थी ती उत्तरे इतरांपेक्षा बरी लिहितो, हे मी मुख्याध्यापकांना वाद न घालता, त्यांच्याच शाळेतील उत्तरपत्रिका पुढे ठेवून दाखवले आहे.

निरीक्षण वहीत एक बदल मात्र करावाच लागेल. छापील नमुना बदलणे आपल्या हातात नसते, पण शेऱ्याची जागा आपली असते. तिथे प्रत्येक पाठाला तीनच गोष्टी लिहाव्यात : सांगितलेल्या माहितीत काय चुकले, 'कशावरून?' हा प्रश्न पाठात कोणी विचारला, शिक्षकाने की विद्यार्थ्याने. आणि मुलांनी काढलेला एखादा निष्कर्ष, त्यांच्याच शब्दांत. आवाज, फलकलेखन आणि तक्ता यांचे शेरे सहाध्यायी लिहितील. पहिल्या वर्षाच्या शेवटी तीस पाठांपैकी चार-पाच पाठांत जरी तो प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडून आलेला दिसला तरी काम नीट चालले आहे असे समजावे. त्याहून अधिकाची अपेक्षा धरून छात्राध्यापकांना घायकुतीला आणू नये.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील कामासाठी किमान २० आठवडे मिळाले. त्यांपैकी बहुतेक दुसऱ्या वर्षी. एकवर्षीय अभ्यासक्रमात जे शक्य नव्हते ते यात शक्य आहे : एकाच वर्गाला एकच घटक सलग शिकवणे, त्याच मुलांकडून एक छोटा स्थानिक प्रकल्प पूर्ण करून घेणे आणि त्यांच्या वह्या तपासून पुढचा पाठ बदलणे. अनेक ठिकाणी हे आठवडे बदली तासिका घेण्यात आणि शाळेची ऑनलाइन माहिती भरण्यात जातात, हे आपण पाहालच. त्यावर उपाय एकच मला साधला. आंतरवासितेची (शाळेतील या प्रत्यक्ष कामाची) शाळा ठरवताना मुख्याध्यापकांना जे पहिले पत्र जाते, त्याच पत्रात घटकाचे नाव, वर्ग, तासिकांची संख्या आणि जुने जनरल रजिस्टर पाहण्याची परवानगी, हे सारे मागून घ्यावे. शाळा सुरू झाल्यावर तोंडी मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. कपाटाची किल्ली मात्र दिवाळीपर्यंत सापडत नाही.